देवीच्या आधी कोलकात्यात पोचावं

कोलकात्याला कधी जावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. आश्विनात. पण सप्तमी-अष्टमीची तिकिटं काढू नका, सर्वपित्री अमावास्येला तिथे असाल अशा बेताने निघा. ऐकणाऱ्याला हे पटत नाही. दुर्गापूजा बघायची तर पूजेच्या आठवडाभर आधी जाऊन करायचं काय? त्यात आपल्याकडे सर्वपित्रीच्या सुमाराला कुणी हौसेने प्रवासाला निघत नाही. तरीही मी हट्टाने तेच सांगते. कोलकात्याचा शरद ऋतू चार रात्रींच्या रोषणाईत आहेच, पण त्याहून जास्त तो त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत आहे. शहर तेव्हा काहीतरी घडवत असतं, आणि घडवताना ते कुणालाही जवळ उभं राहू देतं. एकदा देवी मंडपात बसली की तुम्ही रांगेतले एक होता.

जायचं तर शक्यतो रेल्वेने. मुंबईहून गीतांजली आहे, पुण्याहून आझाद हिंद आहे. विमानाने अडीच-तीन तासांत पोचता येतं हे खरं, पण मग वाटेवरचा बंगाल हुकतो. खरगपूर मागे पडलं की खिडकी सोडू नये. रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी साठलेली भातखाचरं, तळी, आणि तळ्यांच्या काठाने काश फुललेला. काश म्हणजे पुरुषभर उंच गवत, त्याला पांढरे मऊ तुरे येतात. कोलाघाटला रूपनारायण नदीवरचा पूल ओलांडताना तर काठाची वाळूच दिसत नाही इतका तो दाट असतो. बंगाली माणसाला काश दिसला की पूजा आली असं वाटतं, मग पंचांग काही म्हणो. त्याच्या जोडीला प्राजक्त. त्याला तिथे शिउली म्हणतात आणि या दिवसांत जुन्या वाड्यांच्या फाटकाजवळ पहाटे त्याचा सडा पडलेला असतो.

हवेबद्दल मात्र कुणी स्वप्न रंगवू नये. पाऊस कोलकात्यातून ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर कुठे माघार घेतो. पूजा सप्टेंबरअखेरीला आली तर भर दुपारी अंगाला कपडे चिकटतात आणि संध्याकाळी एखादी जोरदार सर येऊन रस्त्यात घोट्याएवढं पाणी करून जाते. छत्री हवी, सुती कपडे हवेत, आणि भिजली तरी चालतील अशा चपला हव्यात. एवढं झालं की हवामानाचा विषय संपला.

माझी मावशी लग्न होऊन नागपूरहून कोलकात्याला गेली. तिचे यजमान दक्षिण-पूर्व रेल्वेत होते. भवानीपूरच्या त्या घरी मी पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा महालयाची, म्हणजे आपल्या सर्वपित्रीची, आदली रात्र होती. मावशीने झोपण्यापूर्वी रेडिओ उशाशी आणून ठेवला. पहाटे चारला तिने तो लावला, आणि मग माझ्या लक्षात आलं की फक्त आमचाच रेडिओ लागलेला नाही. समोरच्या घरातून, खालच्या मजल्यावरून, गल्लीच्या टोकाच्या चहाच्या टपरीतून एकच आवाज येत होता. वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा चंडीपाठ. 1930 च्या दशकापासून आकाशवाणीवर हा कार्यक्रम होतो आहे. पंकज मल्लिकांचं संगीत, आणि मध्येच पाठ म्हणता म्हणता कंठ दाटून आलेले भद्र. 1976 साली त्यांच्या जागी उत्तमकुमारला घेऊन नवा कार्यक्रम केला गेला. उत्तमकुमार म्हणजे बंगालचा सर्वांत लाडका नट, तरी लोकांनी तो बदल चालवून घेतला नाही आणि भद्र परत आले. आज हा पाठ फोनवर कधीही ऐकता येतो. पण त्या पहाटे, त्या गल्लीत, अंधारात तो ऐकणं वेगळं आहे, आणि त्यासाठीच मी सर्वपित्रीचा आग्रह धरते. ती तिथी आपली आणि त्यांची एकच. पाठ संपला की माणसं गंगेच्या घाटांवर तर्पणाला जातात. बाबूघाटला किंवा बागबाजारला जाऊन बघा. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, ओंजळीने पाणी सोडून, आपल्या बापजाद्यांची नावं घेणारी शेकडो माणसं. ज्या सकाळी पितरांना निरोप, त्याच सकाळी देवी माहेरी यायला निघते.

तर्पण बघून झालं की कुमारटुलीला जावं. शोभाबाजार सुतानुटी स्टेशनवर मेट्रोतून उतरलं की चालत दहा-पंधरा मिनिटं. बनमाली सरकार स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या बोळांमध्ये मूर्तिकारांचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बांबूचा सांगाडा, वर प्लास्टिकचं छप्पर, पुढची बाजू सताड उघडी. बोळ इतका अरुंद की समोरून दोघे जण सिंहाचं धड घेऊन आले तर आपल्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

आपल्याकडे पेणच्या कार्यशाळा पाहिलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो साच्याचा. गणपतीची मूर्ती बहुतेक ठिकाणी साच्यातून निघते. कुमारटुलीत देवीचं अंग साच्यातून निघत नाही, ते बांधावं लागतं. आधी लाकूड-बांबूचा पाट आणि चौकट, तिला काठामो म्हणतात. काही जुन्या घरांत रथयात्रेच्या दिवशी या काठामोचीच पूजा होते आणि कामाला सुरुवात होते. मग भाताच्या पेंढ्याच्या जुड्या सुतळीने आवळत आवळत देवीचा आकार उभा राहतो. पेंढ्याची कंबर, पेंढ्याचे दंड, डोकं नसलेलं धड, आणि पायाशी पेंढ्याचाच महिषासुर. या अवस्थेतली मूर्ती मला फार आवडते. सुतळीच्या वेढ्यांवरून कळतं की बांधणाऱ्याच्या हाताला मांडीचा उभार कुठे येतो, पोटरी कुठे निमुळती होते, हे पाठ आहे.

त्यावर मातीचे थर. पहिल्या थराची माती चिकट, एंटेल, नदीवाटे नावांतून येणारी, तिच्यात भाताचं तूस कालवलेलं असतं म्हणजे ती पेंढ्याला धरून राहते. ती वाळली की भेगा पडतात. मग बारीक, वाळूसर मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या त्या भेगांवर चिकटवतात, आणि ओल्या हाताने चोळून अंग गुळगुळीत करतात. चेहरा मात्र साच्यातून वेगळा काढतात आणि मग मानेवर बसवतात. बोटंही सुटी करतात. एका कारखान्यात मी फळीवर वाळत घातलेले हात पाहिले. प्रत्येकाची बोटं वेगळी वळलेली. कुठल्या बोटांत त्रिशूळ येणार, कुठल्या बोटांत कमळाचा देठ, हे वळणावरूनच ओळखू येत होतं. पाऊस लांबला तर माती वाळत नाही, तेव्हा मूर्तिकार गॅसच्या भल्या मोठ्या ज्योतीने मूर्ती शेकतात. महालयाच्या आठवड्यात सगळ्या बोळांतून ती फर्रर्र ऐकू येते.

मग खडूचा पांढरा हात, त्यावर रंग. जुन्या पद्धतीत रंग चिंचोक्याच्या खळीत कालवतात. शेवटी चेहऱ्याला एक तेलकट रोगण लावतात, त्याचं नाव घामतेल. ते लावलं की गालांवर आणि कपाळावर खरंच घाम आल्यासारखी झळाळी येते. युद्धात उभी असलेली बाई कोरडी कशी असेल, असं मला तिथल्या एका वयस्क मूर्तिकाराने हिंदीत सांगितलं. त्यांच्या बोटांच्या पेरांत माती इतकी मुरलेली होती की रेषा दिसत नव्हत्या. मी विचारलं, ‘दादा, डोळे कधी काढणार?’ रीतीप्रमाणे देवीचे डोळे महालयाला काढायचे असतात, त्याला चोक्खुदान म्हणतात. ते म्हणाले, ‘पूर्वी एकच दिवस असायचा. आता मूर्ती इतक्या आहेत, हात तेवढेच आहेत.’ मग ते शिडीवर चढले. कुंचल्याचं टोक ओठांत धरून निमुळतं केलं, श्वास रोखला, आणि डाव्या डोळ्याची वरची पापणी कानाच्या दिशेने एका ओढीत ओढली. शेजारच्या बाकड्यावर चहा पिणारी पोरं बोलायची थांबली होती. रोज बघत असूनही.

फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि मूर्तिकार शिडीवर असताना शिडीखालून जाऊ नका. या माणसांची वर्षाची कमाई या आठवड्यांवर असते. आपण तिथे पाहुणे आहोत. परदेशातल्या बंगाली मंडळांसाठी फायबरग्लासच्या मूर्ती महिनोन् महिने आधीच जहाजाने गेलेल्या असतात, आता उरलेल्या सगळ्या इथल्या. तिथल्याच बोळांत शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्यापासून देवीचे मुकुट आणि दागिने करणारे कारागीर बसतात. दुसरा प्रकार चंदेरी वर्खाच्या साजाचा, त्याला डाकेर साज म्हणतात, कारण तो वर्ख एके काळी जर्मनीहून डाकेने यायचा.

कुमारटुलीतून बाहेर पडलं की नदी हाकेच्या अंतरावर आहे. रुळ ओलांडायचे, चक्ररेलची गाडी येत नाही ना बघायचं, आणि घाट. उत्तर कोलकात्याचा हा नदीकाठ मला अख्ख्या शहरात सगळ्यात जवळचा वाटतो. सकाळी घाटावर मालिश करून घेणारे, कसरत करणारे, पूजेची भांडी घासणाऱ्या बायका. अहिरीटोला किंवा बागबाजारच्या जेटीवरून लॉन्च पकडून अगदी थोडक्या पैशांत हावड्याकडे जाता येतं. पुलाखालून जाताना मान वर करून बघा. हावडा ब्रिज 1943 साली सुरू झाला, तो रिव्हेटांनी जोडलेला आहे, त्यात नटबोल्ट नाहीत, आणि नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. पुलाच्या कोलकात्याकडच्या पायथ्याशी मल्लिकघाटाचा फुलबाजार. पूजेच्या आधीच्या पहाटे तिथे कमळांचे भारे उतरत असतात. अष्टमी संपून नवमी लागताना, दोन्ही बाजूंची चोवीस-चोवीस मिनिटं धरून संधिपूजा होते. तिला 108 कमळं लागतात आणि 108 दिवे. बंगाली रामायणात रामाने रावणाच्या वधासाठी देवीची पूजा मांडली, एक कमळ कमी पडलं, आणि आपल्याला कमलनयन म्हणतात म्हणून तो स्वतःचा डोळा काढायला निघाला. शहरात हजारो मंडप, प्रत्येकाला 108. कमळांच्या त्या भाऱ्यांचा हिशेब केला की बाजाराला आलेली घाई समजते. तिथे भल्या पहाटेच जावं, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसाला आधी वाट द्यावी. तो थांबू शकत नाही.

आता एक गोष्ट, जी मराठी माणसाने कोलकात्यात गेल्यावर मुद्दाम शोधावी असं मला वाटतं. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खणून झाला, आणि मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. खंदक पुढे बुजवला, नाव गल्लीला उरलं. पण गावागावांतून मराठ्यांचे बारगीर, बंगालीत बर्गी, गेले होते. लुटालूट, जाळपोळ, सगळं झालं. बंगालच्या आया आजही मुलाला थोपटताना म्हणतात ते अंगाईगीत त्याच दिवसांतलं आहे: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले, धान तर पाखरांनी खाल्लं, आता खंडणी कशातून द्यायची. मावशीच्या शेजारच्या काकीमांनी त्यांच्या नातवाला झोपवताना ते म्हटलं आणि मग एकदम माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, पण आतून हलले होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात जे अटकेपार झेंडे आहेत, त्यांची ही दुसरी बाजू कुणीतरी पाळण्यात जपून ठेवली आहे.

याच भास्करपंतांनी त्याच वर्षी कटव्याजवळ गंगेकाठी थाटामाटात दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी व्हायच्या आत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या फौजेने अचानक हल्ला केला आणि मराठ्यांना पूजा टाकून निघावं लागलं. दीडशेहून अधिक वर्षांनी, 1902 मध्ये, याच कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. त्यामागे होते सखाराम गणेश देऊस्कर, देवघरला वाढलेले मराठी गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर बंगालीतून लिहिलं. 1906 च्या उत्सवाला लोकमान्य स्वतः आले. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला त्याच शहराने शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. बागबाजारच्या त्या गल्लीत बघण्यासारखं काही नाही, पाटी आहे आणि घरं आहेत. तरी मी प्रत्येकाला तिथे पाच मिनिटं उभं राहायला सांगते.

कॉलेज स्ट्रीटला एक अख्खी दुपार द्यावी. पुस्तकांचे गाळे, जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि वरच्या मजल्यावरचं कॉफी हाउस, जिथे पंख्यांच्या घरघरीत सगळी टेबलं एकदम बोलत असतात. पण आश्विनात तिथे जायचं खास कारण म्हणजे पूजा अंक. आपल्याकडे जसा दिवाळी अंक, तसा बंगालीत शारदीय अंक, आणि तो पूजेच्या आधी कितीतरी दिवस विक्रीला आलेला असतो. जाडजूड, कादंबऱ्यांनी भरलेले अंक. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कितीतरी कथा पहिल्यांदा अशा अंकांमधूनच आल्या. आपल्या दिवाळी अंकाची नाळही इकडेच जोडलेली आहे. 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली साहित्याच्या इतके प्रेमात होते की त्यांनी मित्र हे बंगाली आडनावच घेतलं. त्यामुळे कॉलेज स्ट्रीटवरच्या अंकांच्या थप्प्या बघताना मला परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटतच नाही. बंगाली वाचता येत नसली तरी एक अंक घ्यावा. त्यातली चित्रं आणि साड्यांच्या, तेलांच्या, दागिन्यांच्या जाहिराती बघण्यातही एक संध्याकाळ आनंदात जाते.

खरेदीसाठी हातीबागान, गडियाहाट, न्यू मार्केट. पूजेच्या आधीच्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी सांगेन की मधल्या वारी जा आणि तांत साड्या घेऊन परत या.

चतुर्थी-पंचमीपासून मंडप उघडायला लागतात. मी मंडप पाहते ते याच दोन-तीन दिवसांत, दिवसाउजेडी. शेवटचे बांबू अजून बांधले जात असतात, मेदिनीपूरकडचे कामगार परांचीवर बसून मुरमुरे खात असतात, चंदननगरचे कारागीर दिव्यांच्या माळांची परीक्षा घेत असतात. आत गेलं तर कापड, ज्यूट, मातीची भांडी, जुनी छापखान्याची यंत्रं, बुडत चाललेली सुंदरबनची गावं, यांतलं काहीही उभं असू शकतं. कलाशाळेत शिकलेली माणसं महिनोन् महिने यावर काम करतात, आणि दहा दिवसांनी सगळं उतरवलं जातं. रात्री रोषणाईत ते दिपवून टाकतं, पण दिवसा त्याचे टाके दिसतात आणि मला टाके दिसलेले आवडतात. 2021 च्या डिसेंबरात युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हापासून परदेशी पाहुणेही खूप येतात. कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यात पडणारं दिव्यांचं प्रतिबिंब मात्र रात्रीच बघावं लागतं, त्याला इलाज नाही.

पंचमी-षष्ठीला सियालदाह स्टेशनबाहेर जाऊन यायला विसरू नका. मुर्शिदाबाद, बांकुडा, बर्धमानकडून ढाकी आलेले असतात. गळ्यात पांढऱ्या पिसांनी सजवलेला ढाक, शेजारी कांस्याची थाळी वाजवणारा धाकटा मुलगा किंवा पुतण्या. ज्यांना आधीच बोलावणं नाही ते इथे उभे राहून वाजवतात, आणि मंडळांची माणसं ऐकून, घासाघीस करून त्यांना घेऊन जातात. एकाच वेळी वीस-पंचवीस ढाक लागले की स्टेशनची भोंग्याची घोषणा ऐकूच येत नाही. चार-पाच दिवसांच्या वादनासाठी घर सोडून आलेली ही माणसं ऐन सणात स्वतःच्या गावी नसतात. त्यांचं वाजवणं थांबून ऐकावं, निदान दोन आवर्तनं.

मुख्य दिवसांबद्दल थोडक्यात सांगते. सप्तमीच्या पहाटे घाटावर जा. केळीच्या रोपट्याला बाकीच्या आठ वनस्पतींसह नदीत स्नान घालतात, लाल काठाची पांढरी साडी नेसवतात आणि डोक्यावर पदर घेतलेली ती केळ गणपतीशेजारी नेऊन उभी करतात. अष्टमीच्या सकाळी न खातापिता कुठल्याही पाड्यातल्या मंडपात अंजलीला उभं राहा. पाडा म्हणजे आपली आळी. हातात फुलं देतात, पुरोहित माइकवरून मंत्र सांगतात, सगळे पाठोपाठ म्हणतात. कुणी नाव-गाव विचारत नाही. मग दुपारी भोग: मुगाच्या डाळीची खिचडी, लाबडा नावाची मिसळीची भाजी, टोमॅटोची गोड चटणी, पायस. पंगतीत बसायला मिळालं तर नाही म्हणू नका. शोभाबाजारच्या राजवाड्यातली पूजा 1757 पासून, म्हणजे प्लासीच्या वर्षापासून चालत आलेली आहे. तिथल्या कमानींच्या ठाकूरदालनात एकाच चौकटीतली देवी आणि तिची मुलं बघताना मंडपांची सगळी कल्पकता क्षणभर विसरायला होते. रात्री हिंडायचं असेल तर मेट्रोनेच. त्या रात्री ती उशिरापर्यंत धावते. 1984 साली देशातली पहिली मेट्रो इथे सुरू झाली, आणि आता ती हावड्याला नदीच्या तळाखालूनही जाते. टॅक्सीत बसाल तर बसूनच राहाल.

खाण्याचा विषय निघाला की मी लांबण लावते, म्हणून दोनच गोष्टी. सकाळी कचोरी आणि नारळाचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ, सोबत मातीच्या भाँडात चहा. आणि मिठाईच्या दुकानात नोलेन गुडाचा संदेश मागू नका. तो खजुराच्या रसाचा गूळ थंडी पडल्यावर येतो. आश्विनात कुणी देत असेल तर तो गेल्या वर्षीचा असणार. साधा नरमपाकाचा संदेश घ्या, ताज्या छेन्याचा. बागबाजार ही रसगुल्ल्याच्या नवीनचंद्र दासांची जागा, तोही खावा, पण माझं मत संदेशाच्या बाजूने पडतं.

दशमीला सवाष्ण बायका देवीच्या गालाला विड्याचं पान लावतात, तोंडात संदेश भरवतात, कपाळी शेंदूर लावतात आणि मग एकमेकींना. बागबाजारच्या पटांगणात हजारो लाल झालेले चेहरे दिसतात. गेल्या काही वर्षांत विधवा आणि अविवाहित बायकाही कुठे कुठे यात सामील होऊ लागल्या आहेत, आणि ते मला अतिशय योग्य वाटतं. मावशीचे यजमान गेले त्यानंतरच्या दशमीला ती मंडपात मागे उभी होती. काकीमा आल्या, तिचा हात धरला आणि पुढे घेऊन गेल्या. मावशीने देवीच्या गालाला पान लावलं. कुणी काही बोललं नाही.

विसर्जनानंतर नदीतून पेंढ्याचे सांगाडे बाहेर काढतात. काही घराणी आपला काठामो परत आणतात आणि पुढच्या रथयात्रेला त्याच्यावरच नवी देवी उभी राहते. त्यानंतरच्या दिवसांना विजया म्हणतात. धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचं, बरोबरीच्यांनी गळाभेट घ्यायची, आणि प्रत्येक घरी नारळाचे लाडू, खारी निमकी, घुगनी. ओळखीच्या एका बंगाली घराने बोलावलं तर त्यांच्यामुळे चार घरं होतात. हॉटेलात राहणाऱ्या प्रवाशाला हे दिवस मिळत नाहीत कारण तो एकादशीच्या गाडीने परत निघालेला असतो.

म्हणून ज्यांना रजा मिळते त्यांना मी सांगते, कोजागरीपर्यंत राहा. तीच आपली कोजागिरी. आपण दूध आटवतो, ते लक्ष्मी पूजतात. दाराच्या उंबऱ्यापासून धान्याच्या कणगीपर्यंत, आणि आता फ्लॅटमध्ये फ्रीजपर्यंत, तांदळाच्या पिठीने लक्ष्मीची पावलं काढतात. मावशीकडे त्या रात्री केशरी दूध असायचं आणि शेजारून नारळाचे नाडू, म्हणजे लाडू, यायचे, वाट्यांची अदलाबदल जिन्यातच व्हायची. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरलात तर अशी मराठी घरं कुठे आहेत ते सहज कळेल. आणि रजा जेमतेम आठवड्याचीच असेल, तर अमावास्येला पोचा आणि सप्तमीची केळ न्हायली की त्याच सकाळी हावड्याहून निघा.